लारीवर ठरलं

"ते तर काल लारीवर ठरलं ने," हेरंब दिघे म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला.

मोहना शिर्के ड्रॉइंगची गुंडाळी हातात धरून तशीच बसून राहिली. जर्मनीला पाठवायच्या नमुन्याच्या व्हॉल्व्हचं ओतीव कास्टिंग कोणत्या फाउंड्रीतून आणायचं, हा सकाळच्या बैठकीतला पहिला विषय होता. इन्स्पेक्शन खातं तिच्याकडे असल्यामुळे तिने आठवडाभर फाउंड्र्यांचे उंबरे झिजवून त्याची तयारी केली होती. गुंडाळीचा दोरा सुटायच्या आत विषय संपला होता.

"कोणी ठरवलं?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी."

"सगळ्यांत मी नव्हते."

"अहो मोहनाबेन, लारीवर काय आमंत्रण असतं? जो येतो तो येतो."

हेरंब हे अगदी गोडीने म्हणाला. तो काही बायकांच्या विरुद्ध नव्हता. हे तो स्वतःच सांगत असे, आणि कोणी न विचारता सांगत असे. त्याच्या बायकोचं नाव पूर्वी. ती शाळेत नोकरी करत होती आणि त्याला त्याचा अभिमान होता. प्रश्न फक्त लारीचा, म्हणजे सेव-उसळीच्या हातगाडीचा, होता, आणि लारी काही त्याने लावलेली नव्हती.

लारी बडोद्यात, गोरव्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, कारखान्याच्या फाटकासमोर, कडुनिंबाखाली लागत असे. दुपारी चारच्या सुमारास वर्क्स मॅनेजर उदयसिंहराव माने, खरेदी खात्यातला गोविंद आणि प्रॉडक्शनचा हेरंब असे तिघे तिथे सेव-उसळ खायला जात. तिखट रश्शाची पहिली तरी घेताना कारखान्यातल्या अडचणी निघत आणि दुसऱ्या तरीला त्यांचा निकाल लागे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत तो निकाल वाचून दाखवायचा, एवढंच बाकी राहत असे. मालक किरीटभाई शेठना ही पद्धत पसंत होती, कारण त्यात चहाचा खर्च कारखान्याच्या अंगावर पडत नव्हता.

मागच्याच महिन्यात शेठनी अहमदाबादहून एक तज्ज्ञ आणून सगळ्या ऑफिसरांना दिवसभर 'टीमवर्क' ऐकवलं होतं. बायका आणि पुरुष बरोबरीने बसले की निर्णय चांगले होतात, असं तज्ज्ञाने पडद्यावर चित्रं दाखवून सिद्ध केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटो काढला, त्यात मोहनाला मधोमध उभं केलं, कारण कारखान्यात बाई ऑफिसर ती एकटीच होती. आणि मग या भाषणावर चर्चा करायला तिघे जण लारीवर गेले.

पण या खेपेला लारीवरच्या निकालाला वजन होतं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, परदेशाचे दरवाजे उघडले होते, आणि किरीटभाईंच्या कारखान्याला पहिल्यांदाच जर्मनीहून मोठी ऑर्डर मिळण्याची चिन्हं होती. तिकडून कोणी डॉक्टर ब्रांट कारखाना बघायला येणार होते. ऑर्डर पदरात पडली की एक्सपोर्टचं वेगळं खातं निघणार, त्याला वेगळा प्रमुख नेमला जाणार, आणि त्या प्रमुखाला जर्मनीला जावं लागणार, हे शेठनी जाहीर केलं होतं. ही जागा हेरंब किंवा मोहना यांच्यापैकी एकाला मिळणार, हे उघड होतं. मोहना हेरंबच्या आधी कारखान्यात लागली होती. कलाभवनात इंजिनिअरिंग शिकत असताना दोघं एकाच वर्गात होती आणि तिथेही तिचा नंबर त्याच्या आधीच असे. पण हेरंब लारीवर जात होता.

मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये हेरंबचा पासपोर्ट येऊन पडला होता. पूर्वीने जाड लोकरीचा निळा स्वेटर आणला होता आणि ऐन मे महिन्यात तो त्याला घालून पाहायला लावला होता. शेजारपाजारी बातमी पसरली होती. त्यामुळे ही जागा मिळाली नाही तर फक्त जागा जाणार नव्हती, मांजलपूरमध्ये तोंड दाखवायची पंचाईत होणार होती. तो विचार आला की हेरंब लारीवर तरी जास्त घेई.

"पण मोहनाला विचारता ने तुम्ही लोक?" पूर्वीने एकदा विचारलं होतं.

"दुसऱ्या दिवशी सांगतो ने."

"सांगता. मी विचारता का म्हटलं."

हेरंबने स्वेटर काढायच्या गडबडीत हा प्रश्न डोक्यावरून जाऊ दिला.

पाहुण्याच्या तयारीत लारीवर जो पहिला ठराव झाला तो असा, की ऑफिसच्या बाजूचं जेन्ट्स टॉयलेट नवं करायचं. परदेशी माणूस कारखान्याची परीक्षा तिथेच करतो, असं गोविंदला कोणीतरी सांगितलं होतं. पांढऱ्या टाइल्स, मोठा आरसा, बाटलीतला साबण, प्लास्टिकचे गुलाब आणि दाराला हॉटेलसारखं आपोआप बंद होणारं कुलूप, असा सगळा बेत ठरला. सकाळी बैठकीत तो वाचून दाखवल्यावर मोहना म्हणाली, "शेजारच्या लेडीज टॉयलेटला कडी नाहीये. त्यातच एक कडी बसवून घ्या. मी तीन वर्षं सांगतेय."

"दोघीच तर आहात तुम्ही," गोविंद म्हणाला. "तुम्ही आणि हिशेबाच्या कमलाताई. एकमेकींना सांगून जायचं ने."

"तेच करतो. एक आत जाते, दुसरी बाहेर दार धरून उभी राहते. त्यात हिशेबाचं आणि इन्स्पेक्शनचं, दोन्ही खात्यांचं काम थांबतं."

"पाहुणा काय लेडीजमध्ये जाणार आहे?" हेरंबने विचारलं. गोविंदने पुढचा विषय काढला. कडी राहून गेली.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता मोहना लारीवर आली.

उदयसिंहराव माने हे बडोदा संस्थानाच्या लष्करात नोकरी केलेल्या घराण्यातले. बाई समोर आली की उठून उभं राहायचं, हे त्यांच्या रक्तात होतं. ते हातातल्या प्लेटसकट बाकावरून उठले. ते उठले म्हणून हेरंब उठला, गोविंद उठला, आणि काय झालं ते न कळून बाकावरचे दोन अनोळखी टेम्पोवालेही उठले.

"या, ताईसाहेब," उदयसिंहराव म्हणाले. "आपण इकडे कुठे?"

"सेव-उसळ खायला," मोहना म्हणाली. "जो येतो तो येतो ने?" आणि लारीवाल्याकडे वळून म्हणाली, "भाई, तरी जरा जास्त."

ती बसेना म्हणून उदयसिंहराव बसेनात. सगळ्यांनी उभ्याने खाल्लं. बाईमाणसासमोर फाउंड्रीवाल्याला शिव्या घालता येईनात, आणि त्या घातल्याशिवाय कास्टिंगचा विषय निघत नसे. शेवटी हवापाण्याबद्दल बोलणं झालं. मोहनाने दुसरी तरी मागून घेतली, ती कोरडी केली, आणि डोळ्यांत पाण्याचा थेंबही न आणता ती परत गेली. हेरंबच्या नाकातून मात्र धार लागली होती. त्या दिवशी कारखान्यात काहीच ठरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिघे कोपऱ्यावरच्या पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, जाऊ लागले. त्यात मोहनाला टाळण्याचा हेतू होता असं कोणी म्हटलं असतं तर हेरंबला मनापासून वाईट वाटलं असतं. त्याला फक्त मोकळेपणाने बोलायचं होतं. दोन दिवसांनी मोहना गल्ल्यावर आली, तिने मीठा पान घेतलं, आणि तोंडात विडा असूनही कास्टिंगबद्दल अगदी स्पष्ट असे चार प्रश्न विचारले. उदयसिंहरावांच्या तोंडात तंबाखूचं पान होतं. ताईसाहेबांसमोर थुंकायचं कसं, म्हणून त्यांनी ते गिळलं, आणि त्यांना घरी पाठवावं लागलं.

"आता अशी जागा पाहिजे," दुसऱ्या दिवशी फिक्या चेहऱ्याने येऊन ते म्हणाले, "की जिथे ताईसाहेबांना येण्याचा त्रास होणार नाही."

अशी जागा कारखान्यात एकच होती. तिच्या टाइल्स नुकत्याच बसल्या होत्या.

अशा रीतीने कारखान्याचा सगळा विचारविनिमय जेन्ट्स टॉयलेटमध्ये होऊ लागला. कामगारांना तिकडे फिरकायचं नाही अशी ताकीद होती, पाहुणा येईपर्यंत ते कोरं ठेवायचं होतं, त्यामुळे शांतता होती. गोविंद बेसिनच्या कट्ट्यावर बसे, उदयसिंहराव आरशासमोर मिशीवर हात फिरवत, आणि हेरंब प्लास्टिकच्या गुलाबांना टेकून मुद्दे मांडी. किरीटभाई एकदा हात धुवायला आले, त्यांनी हे पाहिलं आणि ते म्हणाले, "सरस. ठंडक पण छे." तेव्हापासून तेही येऊ लागले. तज्ज्ञाने सांगितलेलं टीमवर्क हेच असावं, असं हेरंबला तिथे मनापासून वाटलं.

तिथेच ठरलं की पाहुण्याला माल आठ आठवड्यांत देतो म्हणून सांगायचं. सोळा आठवडे लागतील असं मोहना म्हणत होती, पण ती बैठकीच्या खोलीत म्हणत होती. तिथेच हेही ठरलं की पाहुण्याचं स्वागत मोहनाने कुंकू लावून, पुष्पगुच्छ देऊन करायचं, आणि त्यानंतर शेठनी हेरंबची ओळख 'एक्सपोर्ट प्रमुख' म्हणून करून द्यायची. हे ऐकलं तेव्हा हेरंबने आरशात स्वतःकडे पाहिलं. त्याला तो जर्मनीत शोभेलसा वाटला.

पाहुणा यायचा त्या दिवशी सकाळी मोहनाने त्याला पॅसेजमध्ये गाठलं.

"हेरंबभाई, काल संध्याकाळी सुताराने तुमचं ते नवं कुलूप बसवलं ने, ते उलटं बसवलंय. किल्लीचं भोक आतल्या बाजूला आलंय, फिरवायची मूठ बाहेर. दार लागलं की आतून—"

"मोहनाबेन," हेरंब हसून म्हणाला, "कारखान्यात येणारी प्रत्येक वस्तू तुमच्या इन्स्पेक्शनमधून जाते, कबूल. पण ही वस्तू जेन्ट्सची आहे. ती आम्ही बघतो."

मोहनाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

किरीटभाईंचा हिशेब असा होता की अकराची वेळ दिलेला पाहुणा बारापर्यंत येईल. पावणेअकराला त्यांनी तिघांना शेवटची उजळणी करायला बोलावलं, म्हणजे कुठे बोलावलं ते सांगायला नको. बाहेर उन्हाळा होता म्हणून पुष्पगुच्छ बेसिनमध्ये पाण्यात ठेवलेला होता. गोविंदने चौफेर अत्तराचा फवारा मारला. उदयसिंहराव शेवटी आत आले आणि त्यांच्यामागे दार आपोआप, हॉटेलसारखं, बंद झालं.

"आठ आठवडे," किरीटभाई म्हणाले. "बधा एकसरखुं बोलजो."

"आठ," तिघे म्हणाले.

उजळणी पाच मिनिटांत झाली. हेरंबने दार ओढलं. दार आलं नाही. त्याने पुन्हा ओढलं. मग गोविंदने ओढलं, मग उदयसिंहरावांनी घराण्याला साजेशा जोराने ओढलं. दार उत्तम प्रतीचं होतं, ते कारखान्यानेच निवडलं होतं.

"किल्ली कुठे आहे?" हेरंबने विचारलं.

"माझ्या टेबलावर," गोविंद म्हणाला. "हरवू नये म्हणून."

त्यांनी दारावर थापा मारल्या. पण मागच्या शेडमध्ये मशिनं चालू होती, कामगारांना तिकडे फिरकायची बंदी होती, शेठचा नवा मोबाइल फोन त्यांच्या केबिनमध्ये होता आणि दोन्ही बायका पाहुण्याची वाट पाहत फाटकाशी उभ्या होत्या. व्यवस्थेत कुठेही फट राहिली नव्हती. अत्तराचा वास मात्र चढत चालला होता.

बरोबर अकराला बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. डॉक्टर ब्रांट वेळेवर आले होते.

"घात झाला," हेरंब म्हणाला. त्याच्या डोळ्यांसमोर निळा स्वेटर उभा राहिला.

मग बराच वेळ मशिनांखेरीज काहीच ऐकू आलं नाही. किरीटभाई झाकण लावलेल्या कमोडवर बसले. त्याच जागी त्यांनी पाहुण्याला बसलेलं कल्पिलं होतं. गोविंद कोणाच्याही नजरेला नजर देत नव्हता. आणि अचानक, डोक्यावरच्या जाळीतून, भिंतीपलीकडच्या लेडीज टॉयलेटमधून, पावलं वाजली आणि मोहनाचा आवाज आला. ती इंग्रजीत बोलत होती.

"माफ करा, या दाराला कडी नाही. तुम्ही आत जा, मी बाहेरून धरून उभी राहते."

"कडी नाही?" दुसरा आवाज म्हणाला. तोही बाईचा होता.

आतले चौघे एकमेकांकडे पाहू लागले. फॅक्सवर नुसतं डॉक्टर ब्रांट लिहिलेलं होतं. डॉक्टर, इंजिनिअर, जर्मन, एवढं समजल्यावर बाकीचं कोणी विचारलंच नव्हतं.

"लेडीज आहे," गोविंद पुटपुटला, आणि त्याने एकदा टाइल्सकडे, एकदा आरशाकडे, एकदा बाटलीतल्या साबणाकडे पाहिलं. मग त्याने एक प्लास्टिकचा गुलाब सरळ केला.

"शू," किरीटभाई म्हणाले.

"आमच्या तिकडेही असंच होतं," डॉक्टर ब्रांटबाईंचा आवाज आला. "मी पहिली नोकरी धरली तेव्हा त्या कारखान्यात बायकांसाठी टॉयलेटच नव्हतं. मी सायकलवरून स्टेशनवर जात असे. बरं, मला एक सांगा. शेडमध्ये तुम्ही मला सगळं दाखवलंत. हा माल किती दिवसांत देणार?"

हेरंब ताडकन जाळीखाली गेला. आठ, त्याने ओठ हलवून म्हटलं. भिंतीला सांगावं तसं म्हटलं.

"सोळा आठवडे," मोहना म्हणाली.

हेरंबने कपाळावर हात मारून घेतला. मग त्याने तोंड उघडलं, जाळीतून ओरडून चूक दुरुस्त करायची म्हणून. पण काय ओरडायचं? पलीकडे लेडीज टॉयलेटमध्ये पाहुणी, आणि भिंतीतून पुरुषाचा आवाज. तो तसाच आ वासून उभा राहिला.

"सोळा?" पलीकडून प्रश्न आला. "बाकी सगळे मला आठ सांगतात."

"आठात कास्टिंग येईल. पण मी प्रत्येक व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाखाली तपासते, आणि मागच्या महिन्यात शंभरात अकरा गळके निघाले. ते मी पाठवत नाही. म्हणून सोळा."

शंभरात अकरा! हे तर लारीवरसुद्धा मोठ्याने बोललं जात नसे. उदयसिंहरावांनी डोळे मिटून घेतले. हेरंबने दारावर मूठ उगारली. ऑर्डर वाचवायची तर आता दार फोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"चूप," किरीटभाई म्हणाले. त्यांनी त्याचा हात धरला. "सांभळवा दे, ऐकू दे."

पलीकडे नळ वाहिला, थांबला. "गेल्या महिन्यात मी दोन कारखाने बघितले," डॉक्टर ब्रांटबाई म्हणाल्या. "दोन्हीकडे म्हणाले, आमचा एकही गळत नाही. तेव्हाच मी बॅग उचलली. ऑर्डरचा पहिला हप्ता तुमच्याकडे, सोळा आठवड्यांत. दराचं तुमच्या मालकांशी बोलते. या ऑर्डरवर तुम्ही असाल ना?"

भिंतीअलीकडे हेरंबने श्वास रोखला. मोहना काय म्हणणार ते त्याला माहीत होतं. तिच्या जागी तो असता तर तो काय म्हणाला असता तेही त्याला माहीत होतं.

"ते अजून ठरलेलं नाही," मोहना म्हणाली. "मला सांगतील उद्या सकाळी."

किरीटभाई कमोडवर मागे टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर, सौदा मनासारखा झाला की येत असे, तसा समाधानाचा भाव होता. "बेन तो बराबर करे छे," ते कुजबुजले. त्यांनी हेरंबकडे असं काही पाहिलं की त्याला ते पाहणं अजिबात आवडलं नाही.

आणि नेमक्या या क्षणी अत्तराने डाव साधला. उदयसिंहराव माने शिंकले. तीन पिढ्या लष्करात गेलेली ती शिंक होती. जाळीवरची धूळसुद्धा खाली आली.

पॅसेजमधून पावलं आली, बाहेरची मूठ फिरली आणि दार सहज उघडलं. समोर मोहना उभी होती आणि तिच्या खांद्यामागे एक उंच, पिकल्या केसांच्या बाई. आत एका ओळीत मालक, वर्क्स मॅनेजर, खरेदी खातं आणि प्रॉडक्शन.

उदयसिंहरावांना फक्त एवढंच दिसलं की समोर दोन स्त्रिया आहेत. ते सवयीने बाजूला झाले, त्यांनी दार धरलं, आणि किंचित झुकून म्हणाले, "आधी आपण."

"हे सगळे इथे काय करत होते?" डॉक्टर ब्रांटबाईंनी विचारलं.

"मीटिंग," किरीटभाई म्हणाले.

पाहुणीने मोहनाकडे पाहिलं. मोहनाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "हो," ती म्हणाली. "आमच्या मीटिंगा इथेच होतात."

"म्हणून तुम्ही नव्हता," बाई म्हणाल्या.

किरीटभाई बाहेर आले. त्यांनी सदरा नीट केला आणि घसा साफ केला. हेरंबला ती खूण माहीत होती. आता ओळख करून देणार. काहीही झालं तरी हे ठरलेलं होतं, इथेच ठरलेलं होतं. तो एक पाऊल पुढे आला.

"मॅडम, धिस इज अवर एक्सपोर्ट हेड," किरीटभाई म्हणाले आणि त्यांनी मोहनाकडे हात केला. मग त्यांची नजर पुढे आलेल्या हेरंबवर पडली. पुढे आलाच आहे तर, अशा हिशेबाने त्यांनी पुन्हा आत वळून बेसिनमधला पुष्पगुच्छ उचलून त्याच्या हातात दिला. "आप ने, दे त्यांना."

हेरंबने पुष्पगुच्छ दिला. त्याच्या देठांतून पाणी ठिबकून त्याच्या बुटांत गेलं. फोटोत तो मधोमध आला.

त्या संध्याकाळी मांजलपूरला पूर्वीने सगळं ऐकून घेतलं. तिने हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न केला, तो दुसऱ्यांदा शिंकेपाशी फसला.

"मग आता स्वेटर?" तिने डोळे पुसत विचारलं.

"राहू दे. बडोद्यात पण थंडी पडते."

"कधी?"

हेरंबने स्वेटरची घडी घातली. त्याला राग आला होता, पण तो कोणावर धरावा ते कळत नव्हतं, आणि म्हणून जास्त आला होता.

एक्सपोर्टचं खातं निघालं. पहिल्याच आठवड्यात लेडीज टॉयलेटला कडी बसली आणि जेन्ट्सचं कुलूप सुलटं झालं. हेरंबला मोहनाच्या हाताखाली प्रॉडक्शन सांभाळायचं होतं. पहिल्या सोमवारी तो बैठकीत नीट तयारी करून, कास्टिंगच्या नव्या वेळापत्रकाची गुंडाळी घेऊन आला.

"ते तर शनिवारी ठरलं ने," हिशेबाच्या कमलाताई म्हणाल्या. त्याही आता बैठकीला बसत होत्या.

"कुठे ठरलं?"

"खंडेराव मार्केटमध्ये," मोहना म्हणाली. "कमलाताई आणि मी माझ्या स्कूटरवरून घरी जातो ने, वाटेत भाजी घेतो. बोलता बोलता ठरलं."

"मला कोणी बोलावलं नाही."

"अहो हेरंबभाई, भाजीला काय आमंत्रण असतं?" मोहना अगदी गोडीने म्हणाली. "जो येतो तो येतो."

गुंडाळीचा दोरा हेरंबच्या बोटात तसाच राहिला. ही वाक्यं कोणाची आहेत ते त्याला चटकन आठवलं. ऐकायला कशी लागतात ते मात्र त्याला आज कळलं. कानापर्यंत चढलेला तो गरमपणा तरीचा नव्हता. त्याला सरळ सरळ लाज वाटली.

शनिवारी संध्याकाळी तो कापडी पिशवी घेऊन खंडेराव मार्केटमध्ये गेला. भाजी कशी घेतात ते त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे तो लिंबांपाशी उभा राहिला, कारण लिंबात फारसं चुकण्यासारखं नसतं. पलीकडे आल्याच्या ढिगापाशी उदयसिंहराव माने उभे होते, त्यांच्याही हातात पिशवी होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही म्हणाले, "सहज आलो होतो." कोथिंबिरीच्या गाड्यामागे गोविंद होता, पण तो अजून धीर करून पुढे आला नव्हता.

मोहना आणि कमलाताई वांग्यांपाशी होत्या. उदयसिंहराव अदबीने उभे राहिले, ते उभेच होते, तरी उभे राहिले. मोहना एकेक वांगं उचलून, बोटाने दाबून, बाजूला ठेवत होती.

"नव्या फाउंड्रीला अर्धं काम द्यावं म्हणतेय मी," ती वर न बघता म्हणाली. "गळके कमी निघतील. हेरंबभाई, तुमचं काय मत?"

हेरंबने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. प्रश्न सोपा होता. इतकी वर्षं एका कारखान्यात काढून, लारीवर, गल्ल्यावर, आरशासमोर उभं राहून, आपण हा प्रश्न मोहनाला कधी एकदाही विचारला होता का, ते तो आठवून पाहत होता. आठवेना.

"द्यावं," तो शेवटी म्हणाला. "पण आधी नमुने मागवू. आणि मागवले की तुम्ही तपासा."

"ठरलं तर मग," मोहना म्हणाली. तिने वांग्यांची जड पिशवी त्याच्या हातात दिली. "हे जरा धरा. अजून मेथी घ्यायचीय, आणि डिस्पॅचचं बोलायचंय."

हेरंबने पिशवी धरली आणि तो तिच्या मागोमाग मेथीकडे निघाला.